गेलेले वॅट, परतलेले वॅट

हॅम रेडिओचा छंद आहे असं कळलं की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठपर्यंत बोलता येतं?" आणि दुसरा, "सेट किती वॅटचा आहे?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आयनावरणाची मर्जी असली तर ब्राझीलपर्यंत, नसली तर शेजारच्या तालुक्यातही नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र एका आकड्यात देता येत नाही.

साध्या पिवळ्या बल्बचंच बघा ना. त्याच्यावरचा ६० हा आकडा बल्ब किती वीज खातो ते सांगतो, किती उजेड देतो ते नाही. रेडिओ ट्रान्समीटरचं तसंच, पण थोडं जास्त गुंतागुंतीचं. इथे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. यंत्राने किती शक्ती खाल्ली? अँटेनाकडे किती पाठवली? आणि अँटेनाने त्यातली किती परत केली? हे तीन प्रश्न वेगवेगळे मोजता येतील अशी उपकरणं घराघरांतल्या हॅमच्या टेबलावर यायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. अमेरिकन कायद्याला तर पहिल्या प्रश्नावरून दुसऱ्यावर यायला सत्तर वर्षं लागली. आजच्या लेखात त्याच प्रवासाबद्दल लिहायचं आहे.

सुरुवात नावापासून. जेम्स वॅट १८१९ साली वारला, तेव्हा वॅट नावाचं एककच नव्हतं. त्याला स्वतःला वाफेची इंजिनं विकायची होती आणि गिऱ्हाईक होते घोडे पाळणारे. तेव्हा "माझं इंजिन किती घोड्यांचं काम करेल" हे सांगायला त्याने एक माप ठरवलं. ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलण्याइतकं काम म्हणजे एक अश्वशक्ती. वॅट हे एकक पुढे १८८२ मध्ये विल्यम सीमेन्सने ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात सुचवलं. एक अश्वशक्ती म्हणजे साधारण ७४६ वॅट. मला यात आवडतं ते हे की या मापाच्या मुळाशीच व्यवहार आहे. विकणारा आणि घेणारा या दोघांना पटेल असा एक आकडा हवा होता. मापात पाप नको, एवढीच साधी गरज.

आता रेडिओकडे येऊ. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली आणि त्यानंतर हवेतल्या गोंधळाबद्दल अमेरिकेत बरीच ओरड झाली. १३ ऑगस्ट १९१२ ला तिथला रेडिओ कायदा मंजूर झाला. हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याहून कमी लांबीच्या लहरींवर ढकलण्यात आलं, आणि शक्तीवर मर्यादा आली ती अशी: ट्रान्सफॉर्मरचं इनपुट एक किलोवॅटपेक्षा जास्त नको. लष्करी किंवा नौदलाच्या केंद्रापासून पाच सागरी मैलांच्या आत असाल तर अर्धाच किलोवॅट.

ट्रान्सफॉर्मरचं इनपुट! म्हणजे भिंतीतल्या विजेतून यंत्राने काय घेतलं ते. हवेत काय गेलं याबद्दल कायदा एक अक्षर बोलत नाही. पण कायदा करणाऱ्यांना तरी दोष कसा द्यायचा? तो जमाना ठिणगीच्या ट्रान्समीटरचा होता. ट्रान्सफॉर्मर कंडेन्सर भरायचा, कंडेन्सर दोन धातूंच्या टोकांमधून तडतडत रिकामा व्हायचा. त्या एक किलोवॅटमधले काही कडकडाटात जायचे, काही उजेडात, पुष्कळसे उष्णतेत, आणि उरलेले तारेत. किती उरले ते नेमकं सांगायची सोय हौशी माणसाकडे नव्हती. जे मोजता येतं त्यावरच नियम करता येतो. म्हणून नियम इनपुटचा झाला.

मग त्या काळचा हॅम काय बघत बसायचा? त्याच्याकडे असायचा हॉट वायर ॲमीटर. कल्पना अगदी साधी. अँटेनाकडे जाणारा प्रवाह एका बारीक तारेतून न्यायचा. तार तापते, तापली की लांबते, लांबली की सैल पडते, आणि त्या सैलपणाला जोडलेला काटा सरकतो. रेडिओचा प्रवाह सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलतो, पण उष्णतेला दिशा नसते, त्यामुळे हा मीटर फसत नाही. "माझ्या अँटेनात इतके अँपिअर जातात" हे तेव्हा मिरवायचं बिरूद होतं.

पण या काट्यातही एक गोम होती. शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. ५० ओहमच्या अँटेनात दोन अँपिअर म्हणजे २०० वॅट. तेच दोन अँपिअर १० ओहमच्या अँटेनात म्हणजे फक्त ४० वॅट. काटा मात्र दोन्हीकडे एकाच ठिकाणी. शिवाय तो रोध अँटेनाचा किती आणि जमिनीत गाडलेल्या पत्र्याचा किती, हेही त्याला ठाऊक नसतं. मोठा आकडा बघून खूश झालेला माणूस प्रत्यक्षात अंगणातली माती तापवत असण्याची शक्यता पुरेपूर!

पुढे व्हॉल्व्ह आले आणि हिशेब स्वच्छ झाला. दोन काटे बघायचे. प्लेटवर व्होल्ट किती, प्लेटमधून प्रवाह किती, आणि गुणाकार करायचा. हजार व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअर म्हणजे १०० वॅट इनपुट. त्यातले साधारण सत्तर टक्के रेडिओ लहरी होऊन बाहेर पडले तर उत्तम. बाकीची उष्णता व्हॉल्व्हच्या प्लेटमध्ये, आणि ट्यूनिंग चुकलं की ती प्लेट चक्क लाल व्हायची. डिसेंबर १९२१ मध्ये कनेक्टिकटमधल्या ग्रीनिचहून १बीसीजी या हौशी केंद्राने पाठवलेले संदेश स्कॉटलंडमध्ये आर्ड्रोसनला तंबूत बसलेल्या पॉल गॉडलीने ऐकले. अटलांटिक ओलांडण्याच्या त्या प्रसिद्ध प्रयोगातलं यंत्र व्हॉल्व्हचं होतं, आणि त्याची शक्ती कायद्याच्या एक किलोवॅट इनपुटच्या आसपासचीच. म्हणजे मर्यादा पाळूनही समुद्र ओलांडता येतो हे नऊच वर्षांत सिद्ध झालं.

कायदा मात्र इनपुटलाच चिकटून राहिला. आणि इथून पुढची गोष्ट मला फार गमतीची वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर सिंगल साइडबँड, म्हणजे एसएसबी, हौशी लोकांमध्ये पसरू लागलं. यात तुम्ही गप्प असताना काहीच प्रक्षेपण होत नाही, बोललात की आवाजाच्या चढउताराप्रमाणे शक्ती वर-खाली होते. आता "इनपुट किती" याचं उत्तर काय द्यायचं? शब्दाच्या ऐन जोरावर ते प्रचंड असतं, दोन शब्दांच्या मध्ये नगण्य. मीटरचा काटा तर जड, तो त्या शिखरांपर्यंत पोचतच नाही. मधेच कुठेतरी थरथरत राहतो. अमेरिकेच्या एफसीसीने तोडगा काढला. ज्याचा काळांक पाव सेकंदापेक्षा जास्त नाही अशा प्लेट मीटरवर जे दिसेल ते धरायचं. म्हणजे कायद्याने काट्याचा आळस मोजून घेतला आणि तो नियमात लिहून टाकला! मग कारखानदारांनी "दोन किलोवॅट पीईपी" अशी जाहिरात करत ॲम्प्लिफायर विकले, आणि तरीही काट्यावर एकच किलोवॅट दिसत असल्यामुळे ते कायद्यात बसायचे. यात कुणी खोटं बोलत नव्हतं. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते, एवढंच.

शेवटी १९८३ मध्ये एफसीसीने इनपुटचा नाद सोडला. नवी मर्यादा आली ती आउटपुटची: १५०० वॅट पीईपी. पीईपी म्हणजे आवाज ऐन शिखरावर असताना बाहेर पडणारी शक्ती. आता ट्रान्समीटर किती खातो याच्याशी कायद्याला देणंघेणं नव्हतं, बाहेर काय येतं त्याच्याशी होतं.

सगळेच यावर खूश नव्हते. जुन्या एएम पद्धतीने बोलणाऱ्यांचा त्यात तोटा होता. एक किलोवॅट इनपुटच्या एएम ट्रान्समीटरमधून साधारण ७५० वॅटची वाहक लहर निघायची, आणि पूर्ण मॉड्युलेशनला शिखर त्याच्या चौपट, म्हणजे ३००० वॅट. नव्या नियमात शिखर १५०० वर अडलं, म्हणजे वाहक लहर ३७५ वर. एका वाक्याच्या बदलाने त्यांची मुभा अर्धी झाली. त्यांना जुन्या पद्धतीने चालायला १ जून १९९० पर्यंत मुदत मिळाली. मापाची व्याख्या बदलली की वस्तू तीच राहूनही कुणाचं तरी काहीतरी जातं. आपल्याकडे शेर जाऊन किलो आला तेव्हा घराघरात जी कुरकुर झाली असेल तीच ही.

पण आउटपुट मोजायचं म्हटलं तर ते मोजणारं विश्वासू यंत्र हवं. ते तोवर तयार होतं. हाच आपला आजचा वॅटमीटर.

युद्धानंतर कोॲक्स केबल सगळीकडे आली. ट्रान्समीटरमधून निघालेली लहर या केबलमधून अँटेनाकडे जाते. अँटेना केबलशी जुळलेली असेल तर सगळी शक्ती स्वीकारते. नसेल तर काही भाग परत पाठवते. म्हणजे एकाच केबलमध्ये जाणारी आणि येणारी अशा दोन लहरी एकाच वेळी असतात. या दोन वेगळ्या करून दाखवणं हे दिशादर्शक वॅटमीटरचं काम.

तो हे कसं करतो? केबलमधल्या व्होल्टेजचा एक छोटा नमुना घ्यायचा आणि प्रवाहाचा एक छोटा नमुना घ्यायचा. जाणाऱ्या लहरीसाठी हे दोन नमुने एकमेकांत मिळवले जातात, तेव्हा परतणाऱ्या लहरीसाठी ते एकमेकांना खोडून टाकतात. प्रवाहाचा नमुना उलटा जोडला की बरोबर याच्या उलट. इतकी सुंदर युक्ती मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये फार कमी वेळा पाहिली आहे.

क्यूएसटी मासिकात ऑक्टोबर १९५६ मध्ये ल्यू मॅकॉय यांनी घरी बनवता येईल असा 'मोनिमॅच' दिला. तो स्वस्त होता, पण वारंवारता वाढली की त्याचा काटाही जास्त हलायचा. त्यामुळे त्याच्यावर जाणाऱ्या-येणाऱ्या लहरींचं प्रमाण कळे, वॅट नव्हे. एप्रिल १९५९ मध्ये त्याच मासिकात कॉलिन्स रेडिओ कंपनीतले वॉरन ब्रूनी यांनी गोल चुंबकी कड्यावर गुंडाळलेली तार आणि कंडेन्सर वापरून एक मंडल समजावून सांगितलं, ज्याचं वाचन वारंवारतेवर फारसं अवलंबून नव्हतं. आता सरळ वॅटमध्ये तबकडी आखता आली. आजही बाजारातल्या कितीतरी मीटरच्या पोटात त्याच मंडलाचे वंशज असतात.

तिसरा प्रसिद्ध नमुना म्हणजे अमेरिकेतल्या बर्ड कंपनीचा मॉडेल ४३. धातूचं जाड खोकं, समोर काट्याची तबकडी, आणि खाली एका भोकात बसवायचं बोटभर जाडीचं नळकांडं. त्या नळकांड्यावर बाण असतो. बाण अँटेनाकडे केला की जाणारे वॅट दिसतात, अर्धा फेरा फिरवला की परत येणारे.

हा मीटर वाचायला शिकणं म्हणजे आकडा वाचायला शिकणं नव्हे. त्याची अचूकता पूर्ण पट्टीच्या पाच टक्के अधिक-उणे असते, वाचलेल्या आकड्याच्या नव्हे. हा फरक फार महत्त्वाचा. १०० वॅटची पट्टी लावली असेल तर चूक पाच वॅटपर्यंत असू शकते. काटा ९० वर असला तर खरं उत्तर ८५ ते ९५. ठीक आहे. पण काटा १० वर असला तर खरं उत्तर ५ ते १५ च्या मध्ये कुठेही, म्हणजे एकाची तिप्पट! किराणा दुकानाच्या पोत्याच्या काट्यावर वेलदोडे तोलण्यासारखं आहे ते. म्हणून परत येणारी शक्ती बघायला लहान पट्टीचं नळकांडं लावायचं.

मग दोन आकड्यांतून निघतो तो एसडब्ल्यूआर. १०० वॅट गेले आणि ४ परत आले तर दीडास एक. २५ परत आले तर तीनास एक. आणि अँटेनाच्या दिशेने खरोखर गेलेली शक्ती म्हणजे गेलेले वजा परतलेले.

इथे एक कोडं येतं. १०० वॅटचा ट्रान्समीटर, मग ट्यूनर, मग मीटर, मग केबल आणि न जुळणारी अँटेना. एसडब्ल्यूआर तीन. मीटरवर जाणारी शक्ती दिसते १३३ वॅट! शंभरातून एकशे तेहतीस? बाण उलटा करून बघा: परतणारे ३३. वजाबाकी केली की आले शंभर. ट्यूनर परत आलेली लहर पुन्हा अँटेनाकडे वळवतो, म्हणून तेच ३३ वॅट केबलमध्ये ये-जा करत राहतात. ताळेबंदात तेच पैसे एकदा जमेला आणि एकदा खर्चाला दिसावेत तसं. (ट्यूनर आणि केबलमध्ये स्वतःची गळती नाही असं धरलंय. प्रत्यक्षात थोडी असते.) परत आलेली शक्ती म्हणजे वाया गेलेली शक्ती, असा समज हॅम लोकांत फार खोल रुजला होता. तो काढायला वॉल्टर मॅक्सवेल यांनी १९७३ पासून क्यूएसटीमध्ये एक लेखमालाच लिहिली. समज पुरता गेला असं नाही, पण निदान वाद घालायला एक चांगलं निमित्त कायमचं मिळालं. :)

याच्या उलटही होतं. परत काहीच येत नाही म्हणजे सगळं उत्तम, असंही नाही. डमी लोड, म्हणजे ५० ओहमचा मोठा रेझिस्टर, मीटरवर आदर्श दिसतो. एसडब्ल्यूआर एकास एक, आणि हवेत जवळजवळ शून्य. किंवा कोकणातला पावसाळा घ्या. कोॲक्सच्या टोकाची टेप सुटली, पाणी आत गेलं. समजा केबल आता अर्धी शक्ती गिळते. १०० वॅट निघाले, ५० टोकाला पोचले. टोकाला अँटेना तुटून पडलेली आहे, म्हणून सगळेच्या सगळे ५० मागे फिरले. येताना पुन्हा निम्मे गेले, मीटरवर परतले २५. काटा म्हणतो एसडब्ल्यूआर तीन, "जरा जास्त आहे, पण चालेल." आणि तिकडे अँटेनाच नाही! काटा खोटं बोलला का? नाही. तो उभा आहे तिथलं खरं बोलला. त्याला छपरावरचं विचारणं ही आपली चूक.

मला वाटतं या सगळ्या इतिहासाचा मुद्दा हाच आहे. १९१२ चा इनपुटचा नियम, हॉट वायरचा काटा, पाव सेकंदाचा काळांक, बर्डचं नळकांडं... यातला प्रत्येक जण खरंच सांगत होता, पण आपापल्या जागेवरचं. वाचणाऱ्याने विचारायचं असतं: हा कुठे उभा आहे? कशाकडे बघतोय?

आणि हे का विचारायचं? कारण बघायला दुसरं कुणी नसतं. हॅमच्या खोलीत रात्री अकरा वाजता निरीक्षक येत नाही. भारतात सामान्य श्रेणीच्या परवान्यावर लघुलहरींसाठी कमाल ४०० वॅटची मुभा आहे, पण ती पाळली जाते की नाही ते प्रामुख्याने मीटर आणि त्याचा मालक यांनाच माहीत. अमेरिकेच्या १९३४ च्या दळणवळण कायद्यात तर कलम ३२४ आहे: संकटातल्या जहाजांशी संबंधित संदेश सोडले तर, काम भागेल तेवढीच कमीत कमी शक्ती वापरायची. म्हणजे १५०० ही परवानगी आहे, सल्ला नाही.

आणि शक्ती वाढवून मिळतं तरी किती? १०० चे ४०० वॅट केले तर ऐकणाऱ्याच्या मीटरवर एक एस-युनिट वाढतं, फक्त एक. शंभराचे पाच केले तर दोनाहून थोडी जास्त कमी होतात. बोलणं बहुतेक वेळा तरीही होतं.

कमी शक्तीची ही सभ्यता सगळ्यात स्पष्ट दिसली ती आपल्याच उपग्रहावर. ५ मे २००५ ला श्रीहरिकोटाहून इस्रोने हॅमसॅट सोडला, साडेबेचाळीस किलोचा, खास हौशी रेडिओसाठी. २०१४ च्या जुलैपर्यंत तो चालला. त्याचा ट्रान्सपाँडर सगळ्यांचे आवाज एकत्र घेऊन एका वॅटच्या आसपासच्या शक्तीने परत पाठवायचा. ती शक्ती सर्वांत वाटली जायची. खालून कुणी एकाने शंभर वॅटचा आवाज चढवला की मोठा हिस्सा तोच खायचा आणि बाकीचे दबायचे. तिथे वॅटमीटर वाचणं ही पंगतीत बसण्याची रीत होती. आपल्या पानात किती वाढून घ्यायचं, ते पुढे किती पानं आहेत ते बघून.

२००८ मध्ये नोबेल विजेते खगोलशास्त्रज्ञ आणि हॅम जो टेलर यांनी डब्ल्यूएसपीआर ही पद्धत आणली. तिचा संदेश जेमतेम तीन शब्दांचा: मी कोण, मी कुठे, आणि मी किती शक्तीने बोलतोय. लोक त्यावर २०० मिलिवॅटने समुद्र ओलांडतात. तो तिसरा शब्द कुणी तपासत नाही. जगभरातली माणसं त्यावरून लहरींच्या वाटांचे नकाशे काढतात, निव्वळ विश्वासावर. कुणीतरी आपल्या टेबलावरचा काटा नीट वाचला असेल, योग्य पट्टी लावून, बाण दोन्हीकडे फिरवून, आणि जे दिसलं तेच लिहिलं असेल, एवढ्या एका भरवशावर.